व्याह्यांचं फाटक

इंग्लंडहून परत आलो तेव्हा सोसायटीतल्या मंडळींनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" मी म्हणालो, "एक रेल्वे फाटक पाहिलं." सगळे हसले. पुण्यात माणूस सरळ बोलला की लोकांना तो टोमणा वाटतो. पण मी तिथे तीन आठवडे राहिलो आणि त्यातला सांगण्यासारखा दिवस फाटकावरचाच. राजवाडे, पूल आणि मोठं घड्याळ कुठल्याही सहल कंपनीच्या पुस्तिकेत सापडेल.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी एकतीस वर्षं रेल्वेत गेटमन होतो. त्यातली बावीस वर्षं पुण्याच्या दक्षिणेला, शहर संपता संपता लागणाऱ्या एका फाटकावर गेली. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. बायको सुमन आणि मी कात्रजला दोन खोल्यांत राहतो. आमची एकुलती एक मुलगी अश्विनी इंजिनिअर झाली, नोकरीनं तिला इंग्लंडला नेलं आणि तिथे तिनं पीटर नावाच्या मुलाशी लग्न केलं. लग्न नोंदणी पद्धतीनं, आठ माणसांत. सुमनच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे आम्ही ते फोनवर पाहिलं. सुमनला अजूनही फार वेळ बसवत नाही, म्हणून या मे महिन्यात मी एकटाच गेलो. व्याह्यांना तोवर मी प्रत्यक्ष भेटलो नव्हतो.

अश्विनीचं घर

लंडनपासून गाडीनं दोन तासांवर एक छोटं गाव आहे, तिथे ती राहते. पोचल्या पोचल्या बॅग उघडली तर मेतकुटाची पिशवी फुटलेली. माझे सगळे शर्ट पिवळे आणि हिंगाच्या वासाचे. अश्विनी एक शर्ट नाकाशी धरून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हा धुवायला टाकू नका, बाबा." पीटरला वाटलं, घरात काहीतरी जळतंय.

जावई साधा आहे. थालीपीठ हातानं खातो, लोणी मागून घेतो. मला "बाबा" म्हणतो, पण दोन्ही अक्षरांवर इतका जोर देतो की मी दर वेळी दचकायचो. पहिले पाच दिवस मी एकही हॉर्न ऐकला नाही. रस्ते आपल्या बोळाएवढे, दोन्ही बाजूंना डोक्याएवढ्या उंच झुडपांची कुंपणं, आणि समोरून गाडी आली की दोघांपैकी एक जण मागे जातो. मागे! आणि वर हात करून आभार मानतो. माझं मन यावर बरेच दिवस विश्वास ठेवेना.

अश्विनीनं रजा काढली होती. माझ्या चपला बघून ती मला दुकानात घेऊन गेली आणि बूट घेऊन दिले. दुकानदारासमोर खाली बसून तिनं स्वतः माझ्या नाड्या बांधल्या. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून तुमचा तिच्याबद्दल गैरसमज होईल. माझाही झाला होता.

शुक्रवार, ॲलनकडे

पीटरचे वडील ॲलन, म्हणजे माझे व्याही, पंधरा मैलांवर राहतात. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, विधुर, सडपातळ, गालांवर लाल रेषा. त्यांनी जेवायला बोलावलं होतं. मी लसणाची चटणी आणि चकल्या नेल्या. त्यांनी चटणी चमच्यानं तोंडात टाकली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी "उत्तम, उत्तम" म्हणत राहिले. मला माणूस आवडला.

मग त्यांनी माझा हात धरला आणि भिंतीवरचे फोटो दाखवायला नेलं. सगळे आगगाडीचे. त्यांच्या गावाजवळची रेल्वे पूर्वी बंद पडली होती. गावातल्या हौशी लोकांनी ती पुन्हा सुरू केली. वाफेचं इंजिन, जुने डबे, नऊ मैलांचा एकेरी मार्ग, फक्त शनिवार-रविवार. ड्रायव्हर, गार्ड, तिकीट विकणारे, सगळे बिनपगारी. ॲलन दर रविवारी तिथल्या एका फाटकावर उभे राहतात. गणवेश घालून.

"तुमच्यासारख्या माणसापुढे हे पोरखेळ आहेत म्हणा," ते म्हणाले. "अख्ख्या पुणे विभागाची सुरक्षा सांभाळलेला अधिकारी! अश्विनीनं आम्हाला सगळं सांगितलंय."

माझं इंग्रजी मोडकंतोडकं आहे, पण 'ऑफिसर' कळण्याइतकं नक्कीच आहे. मी अश्विनीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. ती मराठीत, हसू तसंच ठेवून, घाईघाईनं म्हणाली, "बाबा, नंतर सांगते. आत्ता फक्त हो म्हणा."

मी हो म्हणालो.

एकतीस वर्षांत मी रेल्वेच्या वहीत एकही खोटी नोंद केली नाही. ती त्या जेवणघरात केली, हातात चकली धरून. ॲलननी लगेच बेत ठरवला. रविवारी मी त्यांच्याबरोबर फाटकावर जायचं, रेल्वेचा माणूस रेल्वेच्या माणसाबरोबर. अश्विनी म्हणाली, बाबांना थंडी सोसत नाही. मी म्हणालो, सोसते.

घरी परतताना गाडीत पीटर होता, त्याच्यादेखत वाद नको म्हणून मी विषय काढला नाही. शनिवारी ती सकाळपासून घरकामात बुडाली. "नंतर" काही उगवलं नाही.

रविवार, फाटकावर

हिरवा रंग इतक्या प्रकारचा असतो हे मला माहीत नव्हतं. दोन्ही बाजूंना उताराची कुरणं, मेंढ्या, मधून एक रूळ आणि त्याला छेदून जाणारा गावातला रस्ता. चार पांढरी लाकडी फाटकं, प्रत्येकावर मधोमध लाल गोल पत्रा. शेजारी लाकडी टपरी. आत शेगडी, किटली, लाल आणि हिरवी झेंडी, आणि भिंतीवर फुलांच्या कुंड्या. माझ्या फाटकावरच्या गुमटीत उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की मी पाण्याचा माठ बाहेर लिंबाखाली ठेवायचो. इथे टपरीला पडदे होते.

घंटा वाजली की ॲलन टोपी सारखी करायचे, बाहेर जाऊन फाटकं ढकलून रस्ता बंद करायचे आणि कुलूप लावायचे. कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. तत्त्व आमचंच. मोटारी येऊन थांबायच्या. लोक इंजिन बंद करून खाली उतरायचे, मुलांना कडेवर घ्यायचे. गाडी धूर सोडत गेली की टाळ्या वाजवायचे, आणि जाताना ॲलनना "धन्यवाद" म्हणायचे. फाटक बंद केल्याबद्दल!

मला माझं फाटक आठवत होतं. दांडा खाली येताना त्याच्याखालून स्कूटर आडवी करून काढणारे लोक. "ए, उघड ना, कुठंय गाडी?" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकलं असेल. एकदा एक मोटारवाला उतरला. त्याला लग्नाला जायचं होतं. मी म्हणालो, एक्स्प्रेस येतेय साहेब, दोन मिनिटं. त्यानं माझ्या कानाखाली वाजवली. अश्विनी तेव्हा अकरा वर्षांची होती, मला डबा द्यायला आली होती. ती तिथेच उभी होती. मी फाटक उघडलं नाही. एक्स्प्रेस गेली, मग उघडलं. तो मोटारीतून जाताना माझ्याकडे बघून थुंकला. संध्याकाळी अश्विनी घरी काही बोलली नाही, आणि मीही विषय काढला नाही.

ॲलनचं काम मी बघत होतो. हौस दांडगी, पण गाडी जाताना ते गाडीकडे पाठ करून लोकांशी गप्पा मारायचे. गेटमननं शेवटचा डबा जाईपर्यंत गाडीवरची नजर काढायची नसते. काही लोंबतंय का, चाक तापलंय का, सगळं बघायचं असतं. शिवाय मोठ्या फाटकांच्या बाजूला पायी जाणाऱ्यांसाठी एक छोटं फाटक होतं, त्याला कडी-कुलूप काही नव्हतं. मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. 'अधिकारी' म्हणून सांगता आलं असतं. पण मला ते अधिकारी म्हणून सांगायचं नव्हतं, आणि गेटमन म्हणून सांगायची सोय नव्हती.

दुपारी तीनच्या सुमाराला अश्विनी आणि पीटर आम्हाला चहाला न्यायला आले. त्याच वेळी घंटा झाली. ॲलननी फाटकं लावली, गाडीला सिग्नल मिळाला. एक म्हातारा आपल्या बायकोला चाकांच्या खुर्चीतून ढकलत त्या छोट्या फाटकातून आत आला. रूळ ओलांडताना खुर्चीचं पुढचं लहान चाक रुळाजवळच्या खाचेत अडकलं. त्यानं जोर लावला, खुर्ची तिरकी झाली, ती बाई ओरडली. पलीकडे झाडांच्या वळणामागे शिट्टी वाजली.

ॲलन खुर्चीकडे धावले. पीटरही धावला. माणसाचा स्वभावच तसा. पण आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट पाठ करून घेतली होती: आधी गाडी थांबव, मग माणसाकडे जा. मी टपरीत शिरलो, लाल झेंडी उचलली आणि रुळाच्या कडेनं वळणाच्या दिशेनं पळालो. वय सहासष्ट. खडीवर पाय घसरत होता. नवीन बूट पायात नसते तर पडलोच असतो. झेंडी डोक्यावर धरून मी ओरडत होतो, आणि काय ओरडत होतो तर "थांबव! ए, थांबव!" मराठीत.

ड्रायव्हरनं झेंडी पाहिली. ब्रेकचा तो किंचाळणारा आवाज सगळ्या जगात सारखाच. इंजिन माझ्यापासून दोन डब्यांच्या अंतरावर थांबलं. वळून पाहिलं तर खुर्चीही तेवढ्यात सुटली होती, पीटरनं उचलून बाहेर काढली होती. मी पळालो नसतो तरी निभावलं असतं, कदाचित. पण 'कदाचित'साठीच गेटमन ठेवतात.

चहा

स्टेशनवर चहाचं छान दुकान आहे. गोल पाव, त्यावर मुरंबा आणि लोण्यासारखी घट्ट साय. सगळे कर्मचारी जमले. ती म्हातारी माझा हात सोडेना. ॲलन कप खाली ठेवून माझ्याकडे वळले. ते मला म्हणाले, "मी चुकलो. मला सुचलंच नाही. तुम्हाला कसं सुचलं?"

मी बोलायच्या आत अश्विनी बोलली. "बाबांनी कितीतरी लोकांना हे शिकवलंय. ट्रेनिंगचं सगळं खातं त्यांच्याकडे होतं."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं की मला क्षणभर तो माणूस डोळ्यांसमोर दिसला. कोट घातलेला, फळ्यापुढे उभा. आणि त्याचा मला राग आला. मघाशी खडीवरून पळालो तो मी, आणि चहा हा घेणार?

"नो," मी म्हणालो. "आय वॉज गेटमन. थर्टी-वन इयर्स. फ्लॅग, गेट. सेम लाइक यू."

अश्विनीनं डोळे मिटले. पीटर आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिला.

मग ॲलन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. "खरोखरचा?" त्यांनी विचारलं. "खरोखरचा गेटमन?" आणि एकच कल्ला झाला. ड्रायव्हर आला, गार्ड आला, तिकीटवाल्या बाई आल्या. दिवसाला किती गाड्या? पन्नास-साठ? हातानं? एकट्यानं? कुणीतरी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, हातात झेंडी दिली. फोटो काढले. एकानं मला बाहेर जाऊन पुन्हा एकदा पळून दाखवता का म्हणून विचारलं. माणसं मनापासून प्रेमानं वागत होती, यात शंका नाही. पण आमच्या कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात रविवारी पिंजऱ्याबाहेर हीच गर्दी असते आणि तीही प्रेमानंच बघते. ज्या कामापायी मी कानाखाली खाल्ली, ते इथे लोक सुट्टीच्या दिवशी हौसेनं करत होते. त्यांना ते रविवारी संध्याकाळी उतरवून ठेवता येत होतं.

टोपीखालून मी अश्विनीला शोधलं. ती दुकानात नव्हती.

परतताना

पीटर वडिलांबरोबर थांबला. गाडी अश्विनी चालवत होती, मी शेजारी. दोन्ही बाजूंची कुंपणं मागे जात होती.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "पीटर मघाशी मला म्हणाला, सहा वर्षं तू माझ्याशी खोटं बोललीस. त्याला तुमच्या कामाचं काहीच वाटलं नाही, बाबा. काहीच नाही. उलट ते सगळे... तुम्ही पाहिलंतच."

"मग सांगायचं होतंस आधीच."

"मला काय माहीत असं असतं म्हणून? मला जे माहीत होतं तेच मी धरून चालले."

"तुला माझी लाज वाटते, एवढंच ना?"

तिनं गाडी कडेला घेतली. मागून येणारा माणूस हॉर्न न वाजवता थांबला. तिनं त्याला पुढे जा म्हणून हात केला आणि मग माझ्याकडे वळली.

"सातारा रस्त्यावरचं स्थळ आठवतं?"

आठवत होतं. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा तिच्याच कंपनीत होता, दोघांनी आधीच ठरवलेलं होतं. घरचे बघायला येऊन गेले आणि मग पत्रिका जुळत नाही म्हणून नकार आला. मीच तिची समजूत घालत होतो की शिकलेली माणसंही कशी पत्रिका बघतात बघ.

"पत्रिका कुणी बघितलीच नव्हती," अश्विनी म्हणाली. "बाकीचं आईला विचारा. आणि इथे काय सांगायचं, तेही आईनंच मला सांगितलं होतं. पण बोलले मी, त्यामुळे खोटं माझंच आहे. तुम्ही आज तिथे मला विचारायला हवं होतं, बाबा. सगळ्यांसमोर सांगण्याआधी एकदा माझ्याकडे बघायला हवं होतं."

"तू शुक्रवारी माझ्याकडे बघितलं होतंस?"

ती पुन्हा रस्त्याकडे वळली. गाडी सुरू केली. उरलेले आठ दिवस आम्ही दोघं फार सभ्यपणे वागलो. पीटर दिवाणखान्यात झोपायचा. मी खोलीतून बाहेर येताना मुद्दाम खोकायचो, म्हणजे त्याला पांघरूण आवरायला वेळ मिळेल. विमानतळावर तिनं मला वाकून नमस्कार केला आणि मी "सुखी राहा" म्हणालो. दोघांनाही ते ऐकवेना.

कात्रज

घरी आल्यावर चार दिवस मी सुमनला काही विचारलं नाही. इंग्लंडच्या गमती सांगितल्या. मेतकूट, चटणी, रस्त्यावर मागे जाणाऱ्या मोटारी. ती हसत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी भाजी निवडताना तिनंच विचारलं.

"अश्विनीनं सांगितलं तुम्हाला?"

"तुला विचारा म्हणाली."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "तुम्ही तेव्हा ड्यूटीवर होतात. ते लोक इथेच बसले होते, या पलंगावर. पोहे खाल्ले. मुलाच्या आईनं विचारलं, मिस्टर रेल्वेत कुठे असतात? मी सांगितलं. तिनं बशी खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, अहो, आपण परवाच त्या फाटकावर वीस मिनिटं अडकलो होतो ना? मग दोघंही हसले. जाताना तो गृहस्थ अश्विनीला म्हणाला, लग्नात फाटक वेळेवर उघडेल ना गं? पोरगी आत जाऊन बसली ती दुसऱ्या दिवशी बाहेर आली. आणि मुलगा तिथेच होता. हसला नाही, पण बोललाही नाही."

"आणि मला पत्रिका सांगितलीस."

"मग काय सांगू?" सुमनचा आवाज चढला. "तुमची तीन वर्षं राहिली होती. रोज सकाळी शर्टाला इस्त्री करून जायचात तुम्ही. गेटमनच्या शर्टाला! तुम्हाला हे सांगितलं असतं तर त्या फाटकावर उभे राहू शकला असतात? मी दोघांनाही सांभाळलं. तुम्हाला एक सांगितलं, तिला एक सांगितलं. तिला म्हणाले, परक्या देशात चालली आहेस, तिथे कुणी विचारलं तर अधिकारी म्हण, बघायला कोण येतंय."

मी बघायला गेलो होतो.

रागवायला मी शब्द शोधत होतो, पण ते तिच्यावर नीट बसेनात. अश्विनीवर तर नाहीतच. राहता राहिला तो पोहे खाणारा गृहस्थ, आणि त्याचं नावही मला आठवत नव्हतं. सगळ्यांत अवघड गोष्ट ही होती की सुमन बरोबर होती. नऊ वर्षांपूर्वी मला कळलं असतं तर मी कामावर गेलो असतो, पण शर्टाला इस्त्री केली नसती.

गेल्या आठवड्यात ॲलनचं पाकीट आलं. त्यांच्या रेल्वेनं मला मानद सभासद केलंय. सोबत माझा टोपीतला मोठा फोटो. पत्रात लिहिलंय की छोट्या फाटकाला आता कडी बसवली आहे आणि ते स्वतः गाडीकडे पाठ करत नाहीत. पीटर आणि अश्विनीबद्दल एकच ओळ आहे: मुलं वेळ घेत आहेत.

अश्विनीचा फोन रविवारी येतो, आईला. काल सुमन बोलता बोलता थांबली आणि काही न म्हणता फोन माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेली. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"नाही अजून."

"पीटर?"

"आहे. आत आहे."

एवढंच झालं. मग आम्ही दोघंही फोन न ठेवता बराच वेळ तसेच बसून राहिलो.